स्वयंपाकघरातील गॅस रेग्युलेटर : निवड, जोडणी आणि देखभाल

सिलिंडर संपला की नवा लावणे हे घरोघरी दोन मिनिटांचे काम मानले जाते. शेगडी निवडताना चार दुकाने पालथी घातली जातात, काचेचा रंग पाहिला जातो, बर्नर पितळी आहे की नाही याची चौकशी होते. सिलिंडरच्या डोक्यावर बसणाऱ्या रेग्युलेटरकडे मात्र, तो अडकेपर्यंत किंवा वास येईपर्यंत, कोणी वळून पाहत नाही. प्रत्यक्षात घरातील संपूर्ण गॅस व्यवस्थेची सुरक्षितता या तळहाताएवढ्या वस्तूवर अवलंबून असते.

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंचे मिश्रण. सिलिंडरमध्ये तो दाबाखाली द्रवरूपात असतो आणि द्रवाच्या वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ साठलेली असते. आपल्याकडच्या हवामानात या वाफेचा दाब सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला पाच-सहा किलोच्या आसपास असतो. उन्हाळ्यात तो वाढतो, पावसाळी गारव्यात उतरतो. शेगडीला मात्र दर चौरस सेंटिमीटरला केवळ ३० ग्रॅम दाब लागतो. हा दाब किती अल्प आहे हे समजण्यासाठी ३० सेंटिमीटर उंच पाण्याचा स्तंभ डोळ्यांसमोर आणावा. शाळेतील पट्टी उभी धरली की जेवढी उंची होते, तेवढ्या पाण्याचा तो भार. म्हणजे रेग्युलेटर सिलिंडरमधील दाब सुमारे दीडशे ते दोनशे पटींनी कमी करतो आणि एवढे करूनही तो स्थिर राखतो. सिलिंडर भरलेला असो वा निम्मा, एक बर्नर पेटलेला असो वा तीन, ज्योत सारखी राहते ती त्यामुळेच.

हे घडते कसे, हे जाणून घेणे उपयोगाचे आहे. कारण रेग्युलेटरचे बहुतेक बिघाड त्याच्या रचनेतूनच समजतात. धातूच्या चपट्या डबीच्या आत कृत्रिम रबराचा एक पातळ पडदा ताणून बसवलेला असतो. पडद्याच्या वर स्प्रिंग असते आणि खाली गॅसची पोकळी. पडद्याला एक छोटी तरफ जोडलेली असते व तिच्या टोकाला गॅस आत येण्याच्या छिद्रावर बसणारी रबरी गादी. शेगडीने गॅस ओढला की पोकळीतील दाब घटतो, स्प्रिंग पडद्याला खाली ढकलते, तरफ हलते आणि छिद्र उघडते. दाब पुरेसा झाला की पडदा वर उचलला जातो आणि छिद्र मिटते. शेगडीची सर्व बटणे बंद केल्यावर तर ते पूर्ण मिटले पाहिजे. या सर्व हालचालींसाठी पडद्याच्या वरच्या बाजूला बाहेरच्या हवेशी संबंध हवा, म्हणून झाकणात एक बारीकसे छिद्र ठेवलेले असते. अनेकांना ते कारखान्यातला दोष वाटते. काही जण त्यावर चिकटपट्टी लावतात. गोव्यातील घरांत आणखी एक उपद्रवी पाहुणी आहे : कुंभारीण माशी. मागील दारी किंवा परसात ठेवलेल्या सिलिंडरच्या रेग्युलेटरवरचे असे छिद्र तिला घर बांधायला सोयीचे वाटते. चिखलाने ते बुजले की पडद्याची हालचाल बिघडते आणि शेगडीकडे जाणारा दाब भरवशाचा राहत नाही. तेव्हा महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने रेग्युलेटर पुसताना त्या छिद्राकडे पाहावे; मात्र त्यात टाचणी किंवा तार घालू नये, कारण आत लगेच पडदा आहे. माती आत गेली असल्यास रेग्युलेटर बदलून घेणेच इष्ट.

निवड : बाजारात की वितरकाकडे?

घरगुती जोडणीसाठी या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. इंडेन, भारत गॅस आणि एचपी गॅस या तिन्ही कंपन्यांच्या १४.२ किलोच्या सिलिंडरची झडप २२ मिलिमीटर आकाराची असते आणि तिला जुळणारा रेग्युलेटर जोडणीच्या वेळी वितरकाकडूनच मिळतो. तो ग्राहकाने विकत घेतलेला नसतो. अनामत रकमेवर कंपनीने वापरायला दिलेला असतो. जून २०२२ मध्ये ही अनामत १५० रुपयांवरून २५० रुपये करण्यात आली. आतील दोषामुळे रेग्युलेटर बिघडला तर तो वितरकाकडे नेऊन बदलून मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. पडून फुटला, उघडून पाहिला किंवा हरवला तर शुल्क भरावे लागते. एवढी सोय असताना हार्डवेअरच्या दुकानातून, अंगावर कोणतीही खूण नसलेला स्वस्त रेग्युलेटर आणण्यात शहाणपण नाही. रेग्युलेटरवर भारतीय मानक आयएस ९७९८ हा क्रमांक व आयएसआय चिन्ह असावे, ३० ग्रॅमचा दाब नमूद असावा, निर्मितीचे वर्ष वाचता यावे. यांपैकी काही नसेल तर ती वस्तू घरात आणू नये.

दुकानांत अलीकडे रेग्युलेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये बसवायची, घड्याळासारखी तबकडी असलेली ‘सुरक्षा उपकरणे’ सर्रास विकली जातात. तबकडीवरचा काटा पाहून गॅस किती उरला हे कळते, असा विक्रेत्यांचा दावा असतो. हा दावा मुळातच चुकीचा आहे. सिलिंडरमध्ये द्रवाचा शेवटचा थर शिल्लक असेपर्यंत वाफेचा दाब जवळजवळ तेवढाच राहतो, कारण तो गॅसच्या प्रमाणावर नव्हे तर तापमानावर व मिश्रणावर ठरतो. काटा हिरव्या पट्ट्यात आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्या गृहिणीचा गॅस त्याच संध्याकाळी संपू शकतो. गॅस किती उरला हे खात्रीने सांगणारे साधन म्हणजे वजनकाटा. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर कोरलेले असते. ते वजा करावे. शिवाय झडप आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये एक जास्तीचा जोड आला की गळतीची एक जास्तीची जागा निर्माण होते. तेल कंपन्या अशा उपकरणांना मान्यता देत नाहीत.

गोमंतकीय घरांत एक वेगळी अडचण संभवते. परदेशातून परतणारी कुटुंबे तिकडची शेगडी, क्वचित रेग्युलेटरही सोबत आणतात. ब्रिटनमध्ये ब्युटेनच्या सिलिंडरला २१ मिलिमीटरचा दाबून बसवायचा रेग्युलेटर वापरतात, तर प्रोपेनचा रेग्युलेटर ३७ मिलिबार दाबाचा आणि आट्यांचा असतो. २१ आणि २२ मध्ये केवळ एका मिलिमीटरचा फरक आहे आणि धोका नेमका त्यातच आहे, कारण वस्तू बसल्यासारखी वाटते. परदेशी रेग्युलेटर आपल्या सिलिंडरला लावू नये. परदेशी शेगडी वापरायची असेल तर ती ३० मिलिबारच्या गॅससाठी बनवलेली आहे काय हे तिच्या मागच्या पट्टीवर पाहावे. ३० मिलिबार आणि आपला ३० ग्रॅमचा दाब यांत व्यवहारात फरक नाही. नैसर्गिक वायूसाठी बनवलेल्या शेगडीची छिद्रे मोठी असतात; ती सिलिंडरवर चालवली तर ज्योत उंच, पिवळी आणि काजळी धरणारी येते.

दिसायला सारखे आणि कामाने निराळे असे आणखी दोन रेग्युलेटर राज्यात सहज आढळतात. पहिला बारमधला. पिंपातून बिअर ग्लासात आणण्यासाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागतो आणि त्याच्यावरही रेग्युलेटर असतो. आपल्याकडच्या उकाड्यात त्या सिलिंडरमधील दाब दर चौरस सेंटिमीटरला ७० किलोच्या घरात जातो. बाहेर येणारा दाबही पाऊण-एक किलोचा, म्हणजे शेगडीच्या दाबाच्या पंचवीस-तीस पट असतो, शिवाय तो स्क्रूने कमी-जास्त करता येतो. त्याचे भाग, रबर आणि आटे वेगळ्या वायूसाठी घडवलेले असतात. घरी पार्टीसाठी पिंप मागवणाऱ्यांनी या दोन रेग्युलेटरांची अदलाबदल करण्याचा विचारही करू नये. दुसरा रेग्युलेटर म्हणजे मोठ्या भट्टीच्या शेगडीचा, जास्त दाबाचा. चवथीला, लग्नाला किंवा जत्रेला रांधपी आपल्या शेगडीबरोबर तो घेऊन येतो. काम झाल्यावर तो तसाच घरच्या सिलिंडरवर राहतो आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यावर घरची शेगडी जोडते. शेगडीच्या नळीला आणि बटणांना तो दाब सोसवत नाही. रांधप्याचे सामान बाहेर पडताना रेग्युलेटर मोजून द्यावा, हे यजमानाने लक्षात ठेवलेले बरे.

शिक्षणासाठी किंवा कामासाठी आलेल्यांच्या खोल्यांतून पाच किलोचे छोटे सिलिंडर असतात. ते कंपन्यांच्या अधिकृत विक्रीतूनही मिळतात. इंडेनचा ‘छोटू’ आणि एचपीचा ‘अप्पू’ ही त्यांची नावे. त्यांचा रेग्युलेटरही विक्रेत्याकडूनच घ्यावा. मोठ्या सिलिंडरमधून चोरून भरून दिले जाणारे, थेट डोक्यावर बर्नर बसवलेले बाजारी सिलिंडर मात्र याच्यात मोडत नाहीत. त्यांत दाब कमी करणारा रेग्युलेटर बहुधा नसतोच.

जोडणी

सिलिंडर नेहमी उभा, सपाट जमिनीवर आणि शेगडीच्या पातळीच्या खाली असावा. तो बदलण्यापूर्वी शेगडीची बटणे बंद करावीत, देवघरातील समई व उदबत्ती शांत करावी, खिडकी उघडावी. जुन्या सिलिंडरवरील रेग्युलेटरचे बटण ‘ऑफ’ खुणेवर आणल्याशिवाय तो ओढू नये.

नव्या सिलिंडरच्या झडपेवर प्लास्टिकची टोपी दोऱ्याने बांधलेली असते. दोरा खेचून ती काढावी, पण फेकू नये. ती सिलिंडरलाच बांधलेली राहू द्यावी. टोपी निघाली की झडपेच्या तोंडात पाहावे. आत काळ्या रबराची एक बारीक गोल कडी, आपल्याकडे ज्याला वायसर म्हणतात तो, दिसला पाहिजे. रेग्युलेटर आणि झडप यांच्यामधील जागा बंद करणारी ती एकमेव वस्तू आहे. घरांत सिलिंडर बदलल्यावर येणारा वास बहुतेक वेळा या कडीपाशी सुरू होतो : ती नसते, चिरलेली असते किंवा वाकडी बसलेली असते. कडी नीट नसेल तर सिलिंडर आणणाऱ्या माणसाला तिथेच थांबवून बदलून घ्यावी. वजन व गळती तपासून देणे हे त्याचे काम आहे आणि ते मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. जुन्या सिलिंडरची कडी काढून नव्यात घालणे, पिन खुपसून ती सरळ करणे, साबण किंवा तेल लावून रेग्युलेटर सरकवणे, हे सर्व प्रकार टाळावेत.

आता रेग्युलेटरचे बटण बंद असल्याची खात्री करून त्याच्या बुडाकडील प्लास्टिकचे कडे बोटांनी वर उचलून धरावे. रेग्युलेटर झडपेवर अगदी उभा ठेवावा, किंचित फिरवत खाली दाबावा आणि कडे सोडावे. ‘टक्’ असा आवाज येतो. मग रेग्युलेटर हाताने वर ओढून पाहावा. तो निघता कामा नये. तिरका बसलेला रेग्युलेटर पुष्कळदा बसल्यासारखा दिसतो, म्हणून ही ओढ अवश्य द्यावी. त्यानंतरच बटण ‘ऑन’ करावे.

शेगडी पेटवण्याआधी, तिची बटणे बंद ठेवून, साबणाचे पाणी ब्रशने किंवा बोटाने तीन जागी लावावे : झडप आणि रेग्युलेटर यांचा जोड, रेग्युलेटरच्या तोंडावर बसलेली नळी आणि शेगडीकडील नळीचे टोक. बुडबुडे फुगत राहिले तर तिथे गळती आहे. काडी ओढून गळती शोधण्याची पद्धत अजूनही काही घरांत दिसते. तिने आजवर जिवे मारले नाही एवढ्यावरून ती सुरक्षित ठरत नाही.

नळीबद्दल थोडेसे. नारिंगी रंगाची, आत तारेची जाळी असलेली ‘सुरक्षा’ नळीच वापरावी; तिच्यावर आयएस ९५७३ हा क्रमांक छापलेला असतो. ती पाच वर्षांनी, दिसायला कितीही चांगली असली तरी, बदलावी. दीड मीटरपेक्षा लांब नळी, दोन तुकडे जोडून केलेली नळी आणि शेगडीखालून ओढून नेलेली नळी या तिन्ही गोष्टी वर्ज्य. नळी टोकावर अर्धवट न ठेवता पूर्ण चढवावी.

बिघाडाची लक्षणे

रेग्युलेटर अचानक क्वचितच दगा देतो. बहुधा आधी खूण देतो. बर्नर पेटवताक्षणी ज्योत उंच उसळत असेल आणि मग खाली बसत असेल, तर आतील गादी छिद्र पूर्ण मिटवत नाही आणि शेगडी बंद असताना दाब चढतो आहे, असे समजावे. शिट्टीसारखा आवाज, फडफडणारी ज्योत, झाकणावरील बारीक छिद्रापाशी साबणाच्या पाण्याचे बुडबुडे, फिरवताना सैल वाटणारे बटण, यांतले काहीही आढळले तर रेग्युलेटर वितरकाकडे न्यावा. छिद्रापाशी बुडबुडे येणे म्हणजे पडदा फाटलेला असणे. अशा रेग्युलेटरवर एक कप चहाही करू नये. तो घरी उघडून दुरुस्त करण्याची वस्तू नाही. उलट, ज्योत केवळ पिवळी व मंद असेल तर दोष रेग्युलेटरचा नसून बर्नरच्या चोंदलेल्या छिद्रांचा असण्याची शक्यता अधिक.

किनाऱ्यालगतच्या घरांना आणखी एक काळजी घ्यावी लागते. दर्यावरून येणारी खारी हवा सिलिंडरचे बूड आणि कडे गंजवते, तशीच ती रेग्युलेटरमधील स्प्रिंग व बटणाच्या सांध्यालाही पकडते. परसात सिलिंडर ठेवायचा असेल तर वर छप्पर आणि खाली हवा खेळती राहील अशी जाळी हवी. बंद लाकडी पेटी नको. पावसाळ्यात रेग्युलेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधण्याची सवय चुकीची आहे. आत बाष्प कोंडते आणि गळती झालीच तर ती लक्षात येत नाही.

गॅस संपत आला की सिलिंडर आडवा करून किंवा गरम पाण्यात ठेवून शेवटची भाजी उरकण्याची एक जुनी युक्ती आहे. सिलिंडर आडवा केला की रेग्युलेटरमध्ये वाफेऐवजी द्रव शिरू शकतो. द्रवाचा एक थेंब वाफ होताना सुमारे २५० पट पसरतो. ३० ग्रॅमच्या दाबासाठी घडवलेल्या पडद्याला आणि नळीला हे पेलणारे नाही. पुष्कळ वेळ मोठी आच चालू असली की सिलिंडर गार पडतो, त्याच्यावर दव धरते आणि ज्योत उतरते. तो बिघाड नव्हे. अर्धा तास विसावा दिला की दाब परत येतो.

वास आल्यास

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्यामुळे तो जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली, फ्रीजमागे, मोरीच्या खळग्यात साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे १.८ ते ९.५ टक्के झाले की ठिणगी पुरते. मध्यम आकाराच्या स्वयंपाकघरात सर्वत्र सारखा मिसळला तरी किलोभर गॅसही त्यासाठी पुरेसा होतो. आणि तो खालीच साचत असल्याने प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमी लागतो.

म्हणून वास येताच रेग्युलेटरचे बटण बंद करावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, आणि विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये. दिवा लावू नये तसाच विझवूही नये. ठिणगी दोन्ही वेळा पडते. पंखा लावून गॅस घालवण्याचा मोह टाळावा. वास सिलिंडरच्या झडपेतूनच येत असेल तर रेग्युलेटर काढून प्लास्टिकची टोपी घट्ट बसवावी व सिलिंडर मोकळ्या जागेत न्यावा. घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक अहोरात्र चालू असतो आणि तिन्ही कंपन्यांच्या ग्राहकांसाठी एकच आहे.

नळातून गॅस आल्यावर

उत्तर गोव्यात गोवा नॅचरल गॅस आणि दक्षिण गोव्यात इंडियन ऑइल-अदानी गॅस यांच्यामार्फत घरांपर्यंत नळाने नैसर्गिक वायू पोहोचू लागला आहे. त्याचा रेग्युलेटर मीटरजवळ असतो, तो कंपनीच्या ताब्यात राहतो आणि त्याचा दाब साधारण २१ मिलिबार असतो. सिलिंडरची शेगडी त्या वायूवर चालवायची तर तिची छिद्रे बदलून घ्यावी लागतात. केवळ नळी काढून लावून भागत नाही. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाल्यास तो छताकडे चढतो, तेव्हा वरची झडोखी उघडी असणे तिथे अधिक महत्त्वाचे.

नळजोडणी मिळाल्यावर, किंवा गाव बदलताना, जुना रेग्युलेटर माळ्यावर टाकून देण्याचा प्रघात आहे. तसे न करता तो सिलिंडरसह वितरकाकडे परत करावा आणि जोडणीच्या वेळी मिळालेली पावती दाखवून अनामत परत घ्यावी. परत मिळणारी रक्कम त्या पावतीवर लिहिलेलीच असते, आजच्या दराची नव्हे. त्यामुळे तीस वर्षांपूर्वी जोडणी घेतलेल्यांनी पावती शोधण्याआधी फार मोठी अपेक्षा धरू नये.